साईडबारमधली चिमण्यांची चादर

संगणकाला मी कधी घाबरले नाही. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. प्रिंटर अडला की हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. मी आधी दोन शब्द सुनावते आणि मग दुरुस्त करून देते. त्यामुळे अप्पांच्या नक्ष्यांचा ब्लॉग काढायचं ठरलं तेव्हा कुणाला विचारायला जायचा प्रश्नच नव्हता.

अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. मागावर त्या भोकांवरून नक्षी उतरते. कारखाना बंद झाला तेव्हा पत्ते रद्दीत गेले. अप्पांच्या वह्या तेवढ्या पत्र्याच्या पेटीतून जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आल्या.

गेल्या वर्षी अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात अप्पांनी चादरीचा विषय काढला. म्हणाले, ज्वारीच्या कणसावर समोरासमोर दोन चिमण्या, अशी एक नक्षी त्यांनी मालकांनी न सांगता, आपल्या मनानं काढली होती. ती एकदाच विणली गेली, नंतर मालकांनी बंद केली. त्यातली एखादी चादर कुठं शिल्लक असेल तर दिसतंय तोवर बघायची होती. आमच्या घरात एकही नव्हती. विणणाऱ्यांच्या घरी यायचा तो डागी माल, आणि तोही अंगावर विरून गेला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, महिन्याभरात शोधून देते.

ब्लॉग तासाभरात तयार झाला. रोज एक पान फोटो काढून टाकायचं आणि खाली अप्पा सांगतील ते लिहायचं. खरी मजा आली ती साईडबारमध्ये, म्हणजे पानाच्या उजव्या अंगाच्या पट्टीत. तिथं हवी ती विजेट्स जोडता येतात, माऊसनं धरून वरखाली करता येतात. मला तर मोकळं रानच मिळालं. शोधायचा चौकोन टाकला, जुन्या लेखांची यादी टाकली, नव्या प्रतिक्रियांची जागा केली, घड्याळ, कॅलेंडर, सोलापूरचं तापमान (जणू ते कुणाला सांगायला लागतं), भेट देणाऱ्यांचा आकडा, आणि वर एक माशांचं तळं, ज्यात माऊस नेला की मासे धावत येतात. सगळ्यात खाली लिहिलं, ‘चिमण्यांची चादर कुणाकडे आहे का?’

अप्पांना कौतुकानं दाखवायला बसवलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण चादरीचा विषय निघाला की अप्पा मराठीत येतात, कारण कारखान्यातलं बोलणं मराठीतलं. त्यांनी नाक स्क्रीनला टेकेल इतक्या जवळ जाऊन सगळं बघितलं आणि म्हणाले, “काठ एवढा रुंद केल्यावर मधी काय विणायचं?”

मला राग आला. पण राग आला तरी माणूस बरोबर बोलतोय हे मला कळतं, तेवढी मी शहाणी आहे. मासे गेले, घड्याळ गेलं, तापमान गेलं. चादरीचा प्रश्न खालून उचलून अगदी वर नेला. नक्षीचा फोटोही त्याच विजेटमध्ये बसवला. आता जग धावत येईल, अशी माझी खात्री होती.

जग काही आलं नाही. भेटींचा आकडा रोज वाढायचा आणि मी खूश व्हायचे, मग एक दिवस लक्षात आलं की तो मीच वाढवतेय, दिवसातून वीस वेळा उघडून. प्रतिक्रियांची जागा कोरी. मी शाळेतून आले की अप्पा चप्पल काढायच्या आत विचारायचे, कुणी काय लिहिलं का. नाही म्हणायला जीव तुटायचा. त्या दिवसांत ते चहाचा कप ठेवताना आधी हातानं टेबलाची कड चाचपायला लागले होते.

शेवटी ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीला ब्लॉग उघडायला लावला. ती शेजारच्याच टेबलावर बसते आणि मला तोंडावर बोलणारी तेवढी एकच. तिनं मोबाईलवर उघडला आणि म्हणाली, कुठाय तुझा तो साईडबार? मी मोबाईल हिसकावून घेतला. संगणकावर उजवीकडे दिमाखात दिसणारी पट्टी मोबाईलवर घसरून सगळ्या लेखांच्या खाली, पार तळाला जाऊन बसली होती. आणि संगणकावर ब्लॉग बघतंय कोण? पंधरा दिवस मी स्वतःच्याच टेबलावर मिरवत होते. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, तशातली गत.

खाली जाऊन तो फोटो तिनं बघितला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, हे शब्दकोडं आहे का?

ही चूक मात्र आमच्या घरच्यांकडूनच होऊ शकते. नक्षी कागदावर कधी पुरी काढत नाहीत. उजवी-डावी बाजू सारखी असेल तर अर्धीच काढतात, उरलेली अर्धी मागावर आपोआप उलटी होऊन उतरते. वहीत होतं अर्धं कणीस आणि एकच चिमणी, तीही चौकोनाचौकोनांची. मला लहानपणापासून त्यात अख्खी चादर दिसते. बाकीच्यांना दिसणार कशी, हे ना मला सुचलं ना अप्पांना!

त्याच दुपारी मोबाईलवर ते पान उलटं केलं, दोन्ही अर्धी जोडली, रंग भरले. दोन चिमण्या समोरासमोर बसल्या, काळे टपोरे डोळे घेऊन. विजेट साईडबारमधून काढून ब्लॉगच्या माथ्यावर, शीर्षकाच्या खाली बसवलं, म्हणजे मोबाईलवरही पहिलं तेच दिसावं. मैत्रिणीनं तिच्या भिशीच्या ग्रुपवर लिंक टाकली.

आठवड्यानं प्रतिक्रियांच्या जागी पहिली ओळ उगवली. जवळच्या कुंभारी गावातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आमच्यात आशी चादर हाय. सासूबाईंनी घेतल्याली. पण आमच्या चिमण्यांना डोळं न्हाईत.’

माझा हिरमोड झाला. दुसऱ्या कुठल्या कारखान्याची नक्कल असणार, म्हणत मी अप्पांना वाचून दाखवलं. वहीत तर डोळा स्पष्ट आहे, चार काळे चौकोन. मी आभार मानून विषय मिटवणार होते.

अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, “तीच हाय. डोळ्याची भोकं पाडायची मी विसरलो होतो.”

वहीत डोळा होता, पत्त्यात नव्हता. पहिल्या चादरी मागावरून उतरल्या तेव्हा दोन्ही चिमण्या आंधळ्या. मालकांनी चारचौघांत अप्पांची लाज काढली, विणलेल्या चादरी स्वस्तात काढून टाकल्या आणि नक्षी बंद केली. घरी अप्पांनी सांगितलं होतं की खपली नाही म्हणून बंद झाली. आई गेली तोवर तिलाही खरं कळलं नव्हतं. एवढी वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं, याचं मला फार वाईट वाटलं, आणि मला सांगितलं नाही याचा रागही आला.

रविवारी स्कूटीवर मागे बसवून त्यांना कुंभारीला नेलं. बाईंनी ‘लई वाट बघत होतो’ म्हणत आत नेलं. चादर बाजेवर होती, आणि चादरीखाली त्यांचा सहा-सात महिन्यांचा नातू झोपला होता. बाई ती ओढून घ्यायला वाकल्या. अप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं.

ते बाजेशेजारी पाटावर बसले. मी दोनदा म्हटलं की दुसरं काहीतरी पांघरू या त्याला, तर मलाच गप्प केलं. जिच्यासाठी त्यांनी इतके दिवस जीव टाकला ती हाताच्या अंतरावर होती आणि ते मांडीवर हात ठेवून बसून होते. चहा झाला, गार झाला. तासाभरानं पोरगं आपणहून जागं झालं, तेव्हा बाईंनी त्याला उचललं आणि चादर अप्पांच्या मांडीवर ठेवली.

ती धुऊन धुऊन मऊ झाली होती, एका कोपऱ्याला ठिगळ होतं. अप्पांनी ती दाराच्या उजेडात नेली. कणसाच्या देठापासून बोट वर सरकवत ते तेलुगूत मोजायला लागले, ओकटी, रेंडु, मूडु, आणि चिमणीच्या डोक्याशी येऊन थांबले. तिथं बोट फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

बाई म्हणाल्या, घेऊन जा की, तुमचीच हाय. अप्पांनी घडी घातली आणि परत दिली. पोरगं थंडीत काय पांघरणार, म्हणाले.

परतताना स्कूटीवर मागून त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. “त्या चित्रातल्या चिमण्यांचे डोळे काढ. जशी हाय तशी दाव.”

घरी येऊन मी विजेट उघडलं. आठ चौकोन पुसले. मग खालचा प्रश्न काढला आणि त्याजागी काय लिहू, ते विचारलं. अप्पांनी सांगितलं ते शब्द न बदलता टाईप केले, जतन केलं, आणि मोबाईलवर नीट दिसतंय ना ते तपासलं.

‘डोळा माझ्याकडून राहिला. चादर वापरात आहे.’