रेडकांचा रविवार

आमचा शेजारी चाकणच्या कंपनीचा शर्ट घालूनच म्हशींची धार काढतो. पहाटे दोन म्हशी, मग शिफ्ट, परतल्यावर घरामागचे मेथीचे वाफे, पुन्हा म्हशी. बोलता बोलता त्याचे डोळे मिटतात. मग दचकून म्हणतो, "हां, काय म्हनत व्हतो?" दमला का विचारलं, की उत्तर ठरलेलं, "न्हाई."

परवा रविवारी किटली घेऊन गेलो, तर दोन्ही रेडकं आपापल्या आईला लुचत होती आणि हा बाजेवर आडवा.

"आज दूध न्हाई. रेडकांना पिऊ द्या पोटभर."

"आजच बरी आठवण झाली त्यांची?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "सकाळपास्नं मूठ वळंना, राव. पर लोकांना रेडकांचंच सांगा."

घरी येऊन बायकोलाही मी रेडकांचंच सांगितलं.