परबांचे स्टँड आणि घाटकोपरची पार्टी

पैसे अडकलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो. माल आणायला पैसे नाहीत, त्यामुळे मशीन बंद, त्यामुळे गाळ्याबाहेर स्टूल टाकून बसायचं आणि एकमेकांना आपापली वसुली ऐकवायची. मरोळच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की त्या विकता आल्या असत्या तर सगळ्यांची कर्जं फिटली असती. अर्थात विकल्या असत्या तरी त्याचे पैसे कोणी वेळेवर दिले नसते, ते सोडा.

बसणारे आम्ही तिघं. मी औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापते. समोर मंदार, तो स्प्रिंगा बनवतो. आम्ही डिप्लोमाला एका वर्गात होतो, म्हणून अरे-तुरे. आणि शेजारच्या गाळ्यात परब. दुकानात माल मांडायला लागतात ते लोखंडी स्टँड बनवतात. साठीला आलेले, मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर आपल्या हक्काच्या पैशांसाठी मरेपर्यंत ऑफिसांचे उंबरे झिजवत राहिले. परब म्हणतात, "ताई, येणं बाकी असणं ही आमची वडिलोपार्जित इस्टेट."

या परबांनी घाटकोपरच्या एका चपला-बुटांच्या पार्टीला चार दुकानांचे स्टँड करून दिले. हातात पडला फक्त ॲडव्हान्स, आणि बाकी राहिली नऊ लाखांच्या वर. लोखंड घ्यायला त्यांनी गाळा बँकेकडे गहाण टाकला होता. पैसे आले नाहीत तर गाळा जाणार, इतका सरळ हिशोब. बँकेची पत्रं यायला लागली तशी परब ती न उघडता मला आणून द्यायचे. "तुम्ही वाचा, आणि वाईट असेल तर माझं जेवण झाल्यावर सांगा."

* * *

पहिली पायरी नोटीस. आमच्या वकील सामंत बाई. राहायला मुलुंडला, ऑफिस अंधेरीला, आणि आवाज असा की समोरच्याच्या आधी आपणच पैसे काढून द्यावेत. बाईंनी नोटीस वाचून दाखवली. पंधरा दिवसांत व्याजासकट रक्कम द्या, नाहीतर कोर्टात खेचू, वगैरे. परब अवघडून बसले होते. म्हणाले, "सगळं बरोबर आहे बाई, पण शेवटी 'लोभ असावा' घालूया ना."

लोभाशिवाय नोटीस गेली.

आठवडा गेला, दोन गेले, पार्टीकडून चकार शब्द नाही. शेवटी बाईंनीच त्या शेठला फोन लावला, तर शेठ एकदम गोड. "हो हो, नोटीस मिळाली. परबभाऊंनी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, उद्या एक नोटीस येईल, वकिलांची भाषाच तशी असते, मनावर घेऊ नका. आम्ही बिलकूल मनावर घेतलं नाही."

बाईंनी त्या नोटिशीची फी घेतली नाही. म्हणाल्या, कशाची घेऊ?

* * *

मंदार परबांना फार हसला. तर त्याचं ऐका.

त्याच्याकडे वसईच्या एका गिऱ्हाइकाचा चेक होता. चेक हातात असला की माणसाला उगाच झोप चांगली लागते. मंदार टाकायला निघाला की गिऱ्हाइकाचा फोन यायचा, "आज नको, सोमवारी टाका." सोमवारी, "पुढच्या आठवड्यात टाका, शंभर टक्के." मंदार थांबत गेला. शेवटी एकदा चिडून टाकलाच, आणि चेक परत आला.

मंदार उड्या मारत बाईंकडे. "बाउन्स झाला बाई! आता फौजदारी करू, आत टाकू साल्याला."

बाईंनी त्याला समजावलं. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की तीस दिवसांत नोटीस द्यायची, मग त्याला पंधरा दिवस पैसे भरायला, तरी नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. "पण मंदार, हा पैसे नाहीत म्हणून परत आलेला नाही. चेक तीन महिनेच चालतो. हा म्हातारा होऊन परत आलाय."

"अहो, पण त्यानेच थांब म्हटलं होतं मला."

"आणि तुम्ही थांबलात," बाई म्हणाल्या.

नवा चेक मागायला फोन केला तर गिऱ्हाईक म्हणालं, चेकबुक संपलंय, पण तुमचा चांगुलपणा आयुष्यभर विसरणार नाही. मंदार त्या दिवशी चहासुद्धा न पिता घरी गेला.

* * *

आता माझं. मी काही फार शहाणी आहे अशातला भाग नाही.

एक दिवस मंदार पेपर फडकावत आला. नवा नियम आला होता. छोट्या कारखानदाराचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत, तर पार्टीला तो खर्च पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये दाखवता येणार नाही. म्हणजे आमचे पैसे अडकवले की त्यांचाच टॅक्स वाढणार. झकास! आम्ही चहा दोनदा मागवला, वर वडापाव.

मार्च जवळ आला आणि माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून फोन. मला वाटलं पेमेंट. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही छोट्या उद्योगात मोडत नाही असं लेटरहेडवर लिहून द्याल का?"

मी म्हटलं, "अहो, गाळ्यात मी, दोन मशीन आणि एक पंखा. मी मोठी उद्योगपती आहे हे मानणार कोण?"

"मानायचं कोणाला आहे मॅडम? फाईलला लावायचंय."

मी नाही लिहून दिलं. पैसे आले, अगदी वेळेत आले. पुढची ऑर्डर मात्र आली नाही, त्याच्या पुढचीही नाही. लिहून देणारा दुसरा कोणीतरी मिळाला असणार. चौदा वर्षांचं गिऱ्हाईक होतं. मला त्या दिवशी रडू आलं, खोटं कशाला सांगू?

* * *

परबांच्या बिलाचं तिसरं वर्ष संपत आलं आणि सामंत बाई घाईला आल्या. तीन वर्षं उलटली की दावाच करता येत नाही. त्याआधी पार्टीने लेखी कबूल केलं की पैसे देणं आहे, तर मुदत तिथून नव्याने मोजतात. "एक ओळ आणा परब. फक्त एक ओळ."

परबांनी मेसेज टाकला. साहेब, आपल्याकडून आमचे नऊ लाख वीस हजार येणे आहेत. उत्तरात आले दोन जोडलेले हात.

बाई म्हणाल्या, "हात जोडले म्हणजे कर्ज कबूल केलं असं होत नाही."

पुन्हा मेसेज. उत्तरात अंगठा. तिसऱ्यांदा आवाज रेकॉर्ड करून आला, "काका, काळजी कशाला करता? आपण घरचे आहोत." मंदार भडकला, त्या शेठच्या सात पिढ्या काढायला लागला. परब त्यालाच म्हणाले, "गप रव रे. असांदे."

मग एका सकाळी परब माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. पार्टीच्या अकाउंटंटचा ईमेल आला होता. आपले नऊ लाख वीस हजार आमच्याकडे बाकी आहेत, त्याचे निम्मे घेऊन मिटवाल का? "ताई, अर्धेच देतायत ओ," म्हणाले आणि खालीच बसले.

मी त्यांना रिक्षात कोंबलं आणि अंधेरीला नेलं. बाईंनी ईमेल वाचला, परत वाचला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खळखळून हसताना बघितलं. निम्म्यात मिटवायला जाता जाता त्याने पूर्ण रक्कम लिहून दिली होती. "परब, या अकाउंटंटला पेढे पाठवा."

परतताना परब खरंच मिठाईच्या दुकानात शिरले. हाताला धरून बाहेर काढलं मी त्यांना.

* * *

मध्ये मंदारने कुठूनतरी ऐकलं, की कंपनी पैसे देत नसेल तर तिच्यावर दिवाळखोरीचा अर्ज टाकायचा, मोठमोठे शेठ लोळण घेत येतात. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थकबाकी निदान एक कोटीची लागते.

आम्ही तिघांनी बसून आमची सगळी येणी मिळवली. मेलेल्या गिऱ्हाइकांची धरली, पळून गेलेल्यांची धरली. कोटीच्या जवळपाससुद्धा पोचेना.

मंदार म्हणाला, "यार, आपल्याला कोणी नीट बुडवलंसुद्धा नाही."

* * *

शेवटी परबांचं प्रकरण कौन्सिलपुढे गेलं. छोट्या उद्योगांचे थकलेले पैसे मिळवून द्यायला सरकारचं एक कौन्सिल असतं. आधी दोघांना समोरासमोर बसवून तडजोड बघायची, नाही जमलं तर तेच निवाडा देतात किंवा कोणाकडून देववतात. छोटा उद्योग म्हणून नोंदणी लागते, ती परबांच्या मुलाने आधीच करून ठेवलेली होती. मुलगा बोरिवलीला असतो, नोकरी करतो, आणि दर रविवारी सांगतो, "बाबा, विकून टाका तो गाळा." सोमवारी परब गाळा उघडतात.

निकाल नव्वद दिवसांत लागायला हवा असं कायद्यात लिहिलंय. ते नव्वद दिवस कधी आले आणि कधी गेले आम्हाला कळलंच नाही. दर तारखेला पार्टीकडून नवीन माणूस. प्रत्येक जण म्हणणार, "मला फाईल आजच मिळाली." पुढची तारीख.

पाचव्या माणसाची परबांना दयाच आली. बाहेर बाकड्यावर त्याला शेजारी बसवून त्यांनी सगळी केस समजावली. ऑर्डर कधी, माल कधी पोचला, सही कोणाची, शेठची अडचण काय झाली होती, तेसुद्धा. मी डोक्याला हात लावला. आत गेल्यावर त्या माणसाला विचारलं, तुमचं म्हणणं काय? तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, परब सांगतात ते बरोबर आहे."

निवाडा परबांच्या बाजूने लागला. वर व्याज, बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. आकडा परबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्याला आव्हान द्यायचं तर पार्टीला पाऊण रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी आव्हान दिलं नाही. पैसेही दिले नाहीत.

परब निवाडा हातात घेऊन म्हणाले, "आता याचं काय करू? फ्रेम?"

त्याच महिन्यात बँकेने गाळ्याच्या दारावर लिलावाची नोटीस चिकटवली. परबांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं. आणि रोज सकाळी सवयीने मशीनला तेल घालत होते, ते मला बघवत नव्हतं.

* * *

निवाडा म्हणजे पैसे नव्हेत, वसुलीसाठी पुन्हा कोर्टात जावं लागतं. बाई गेल्या, जप्तीचा आदेश घेऊन आल्या. एका दुपारी कोर्टाचा बेलिफ, बाई, परब आणि मी असे घाटकोपरच्या दुकानात शिरलो. आत गिऱ्हाइकांची ही गर्दी. चारी भिंतींना परबांचे स्टँड, त्यावर बूट.

बेलिफ शांत माणूस. मॅनेजरला कागद दाखवला, पिशवीतून पॅड काढलं आणि यादी करायला लागला. काउंटर एक. एसी दोन. लोखंडी स्टँड... परब पटकन म्हणाले, "चोवीस." एका पायात नवा बूट आणि एका पायात जुनी चप्पल घातलेल्या एका बाईंनी विचारलं, "मी पण जप्त का?"

मॅनेजरने शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, उद्या बघू. बेलिफ लिहीत राहिला. शेठ म्हणाला, संध्याकाळी माणूस पाठवतो. बेलिफने पान उलटलं आणि मॅनेजरला सांगितलं, आता विक्री थांबवा. गिऱ्हाइकं एकेक करून बाहेर पडायला लागली. एवढी वर्षं जे जमलं नव्हतं ते मग चहा यायच्या आत झालं. परबांचा फोन वाजला. पैसे जमा. व्याजासकट, सगळे.

परबांनी चष्मा पुसला. मेसेज वाचला. बूट घालून बघायच्या त्या बुटक्या बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडले. मीही रडले. गाळा वाचला होता. बाईंनी पैसे मिळाल्याचं लिहून दिलं, बेलिफ पिशवी उचलून निघून गेला.

आम्हीही निघालो, तर मागून मॅनेजर. "परबभाऊ, एक मिनिट. मागच्या रांगेतला एक स्टँड हलतोय."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का काही? आत्ता?"

त्याने शांतपणे काउंटरवरची, त्यांच्याकडची केसची फाईल उघडली. बाईंनीच पुराव्यात लावलेलं बिल होतं, पानावर परबांची सही. खाली परबांच्याच अक्षरात, पार्टीने लवकर पैसे द्यावेत म्हणून कधीकाळी लिहिलेली ओळ. वॉरंटी एक वर्ष, पूर्ण पैसे मिळाल्याच्या दिवसापासून.

"आज मिळाले ना?" मॅनेजर म्हणाला.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी बिल घेतलं, मागून पुढून वाचलं, आणि मॅनेजरला परत दिलं. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाल्या.

परब मागच्या रांगेत गेले. एकेक बूट उतरवून खाली नीट जोडीने लावले, स्टँड हलवून बघितला, गुडघे टेकून त्याच्या खाली वाकले. कोणीतरी पाना आणून दिला.

आतून त्यांचा आवाज आला, "ताई, तुम्ही व्हा पुढे. यांची अजून तीन दुकानं आहेत."