इंजिन गार करायची दोन मिनिटं

माझी शाळा चौथीत सुटली. पण इंजिन मला कळतं, असं पंचवीस वर्षं छाती ठोकून सांगत आलो. सुरगाणा ते नाशिक जीप चालवली, माणसं कोंबून. आता ते कळणंच नरड्याशी आलंय.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. इतका जोरात फिरतो की तेलावर तरंगतो. म्हणून सकाळी गाडी चालू केली की तेल चढू द्यायचं, मग हलवायची. आणि घाट चढून आलं की लगेच चावी बंद करायची नाही, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून पंखा गार होऊ द्यायचा. लगेच बंद केली की तेल थांबतं, तापलेल्या पंख्याशी जळतं, पंखा जातो. माझा एक असाच गेला. जीप महिनाभर उभी, आणि बायको दुसऱ्याच्या जीपमधून दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेली. परत आल्यावर म्हणाली, "आता मी मोजनार." शेजारी बसली की एकशेवीसपर्यंत मोजायची, मगच चावीला हात लावू द्यायची.

मी म्हणायचो, "एवढं मला कधी जपलं नाय."

"तुमाला बंद करायची सोयच नाय," म्हणायची.

गेल्या थंडीत सकाळी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली. छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय. गावातल्या डॉक्टरनं जिभेखाली गोळी दिली आणि म्हणाला, नाशिकला न्या, आत्ताच्या आत्ता. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. मी गाडी चालू केली, क्लच दाबला. तीच म्हणाली, "गरम होऊ द्या. वाटंत पडली तर काय करनार?" मी थांबलो. तिच्या कपाळावर घाम, आणि मी इंजिनाच्या काट्याकडं बघतोय.

मग जी पळवली ती घाट, वणी, दिंडोरी, कुठं पाय उचलला नाही. पंचवटीत शिरलो आणि अडकलो. रिक्षा, बस, भाजीचे टेम्पो. अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. हॉर्न दाबून दाबून अंगठा सुजला.

दवाखान्याच्या दारात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. तिला उतरवलं. ती म्हणाली, "या लवकर."

"आलोच."

आणि मी बसून राहिलो. इंजिन चालू ठेवून. आकडे मोजत.

वॉचमन काचेवर थापा मारत होता, "ओ काका, पेशंट उतरला ना? काढा गाडी!"

मी म्हणालो, "दोन मिनिटं थांब. टर्बो हाय."

असं म्हणालो. ह्या तोंडानं.

आत गेलो तर पडदा ओढलेला. नर्स म्हणाली, "कुठं होतात हो तुम्ही? दोनदा विचारलं त्यांनी, आले का म्हणून."

डॉक्टर सांगत होता, फार मोठा झटका होता, दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. अरे बाबा, वाचली असती का हे मी विचारतच नाही. ती दाराकडं बघत होती, मी नव्हतो. ते थांबणं गरजेचं तरी होतं का, एवढंच मला कळायला पाहिजे.

तेरावं झाल्यावर मी गाडीचे मुद्दाम हाल करायला लागलो. थंड इंजिन रेस करायचो. घाट दामटून वर आलो की खाडकन चावी बंद. टर्बो गेला पाहिजे होता मला. गेला असता तर म्हणता आलं असतं, थांबलो ते बरोबर होतं. आठ महिने असं केलं. गेला नाही.

शेवटी नाशिकला मेकॅनिककडं नेली, टर्बो उघडायला लावला. त्यानं पंख्याचा शाफ्ट बोटानं हलवून बघितला. "एक नंबर हाय, काका."

"नीट बघ."

"बघितला की. खराब पाहिजे का तुम्हाला?"

"हो."

तो हसला. माझं तोंड बघून त्यानं पाना खाली ठेवला. मग मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या दिवशी थांबायला पाहिजे होतं का नाही?

तो फडक्याला हात पुसत राहिला. "ट्रॅफिकमधून आलात ना?"

"अर्धा तास."

"मग काका..."

"बोल ना!"

"एवढं हळू आलं की वाटंतच गार होतं इंजिन. दवाखान्यापाशी लगेच बंद केली असती तरी चाललं असतं."

आणि हे मला माहीत नव्हतं का? बाजाराच्या दिवशी गर्दीतून रांगत आलो की तीच म्हणायची, आज मोजायचं काम नाय, उतरा. माहीत होतं मला. मग चालू गाडीत काय करत बसलो होतो? भ्यालो होतो, दुसरं काय. तिचं तोंड पांढरं पडलेलं मी उतरवताना बघितलं होतं. आत काय ऐकावं लागणार हे कळलं होतं, आणि मी स्टिअरिंग धरून आकडे मोजत बसलो. तिला एकटीला आत जाऊ दिलं.

मेकॅनिक विचारत होता, "बसवू का परत?"

मी त्याच्या दुकानात टायरवर बसलो होतो. मला उठता येईना.