पुढारणीचा आवाज

तिला विनोद कळत नसे. म्हणजे कळायचा, पण ती त्याला तसा सोडत नसे. आमच्या ग्रुपवर कुणी नवरा-बायकोचा विनोद टाकला, सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले, की अर्ध्या तासानं पारोळ्याकडून तिचा आवाज यायचा. आधी एक लांब श्वास, मागे म्हशीला हाकलणारं कुणीतरी, आणि मग, “आयका वं बाया. यामा बायकोनं काय चुकनं?” पुढची चार मिनिटं ती त्या विनोदातल्या बायकोची वकिली करायची.

आम्ही सात जणी. जळगावात कॉलेजला असताना वसतिगृहात तीन वर्षं एकत्र काढलेल्या. ग्रुपचं नावही ‘सातजणी’. सहा जणी शहरांत स्थिरावल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी बँकेत लागली. मी जळगावातच, पिंप्राळ्यात राहते, एका सरकारी कचेरीत काम करते. सातवी पारोळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. वसतिगृहात पाणी आलं नाही की रेक्टरबाईंकडे निवेदन घेऊन जाणारी तीच असायची, म्हणून तेव्हापासून ती पुढारीण. लग्नानंतर आम्हा सगळ्यांची भाषा पुस्तकी झाली. ती मात्र आमच्याशी अहिराणीतच बोलत राहिली, आणि लिहिण्यापेक्षा बोलूनच पाठवायची.

तिला राजकारण सगळीकडे दिसे. मुंबई-दिल्लीच्या बातमीवर ती बोलेच, पण स्वयंपाकघरही सोडत नसे. एकीनं सासूची तक्रार केली तर ही म्हणाली, “सासू विरोधी पक्ष नही शे वं. ती सभापती शे. विरोधी पक्षले निदान बोलू देतस. सभापती माईकच बंद करी टाकस.” मागून तिच्या सासूचा आवाज आला, “सांग, बठ्ठं सांग, काही सोडू नको!” आणि दोघी हसल्या. कुणी खळबळजनक काहीतरी पुढं ढकललं की तिचा प्रश्न ठरलेला असे. “हाई कोनी सांगं? तू सोता दखं का?” टाकणारीची पंचाईत होई. मग उरलेल्या पाचजणी गप्प बसत आणि मनातून चिडत.

माझं दुसरं बाळ पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. तिनं तसं काही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं येऊन दारात उभी राहिली, हातात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी. चार दिवस राहिली. मला रडू नको असं एकदाही म्हणाली नाही. रोज दुपारी माझ्या उशाशी बसून गावच्या ग्रामसभेची भांडणं सांगायची. कोण कुणाच्या अंगावर धावून गेला, कुणाचं धोतर सुटलं. चौथ्या दिवशी मी हसले. त्या संध्याकाळी ती परत गेली.

हे सगळं आठवत असताना मी जे केलं ते केलं.

तिच्या लांबलचक बोलण्याला कंटाळून आमच्यातल्या एकीनं दुसरा ग्रुप काढला होता. नाव ‘सहा’. तिथं विनोद विनोदासारखे टाकता येत. पहिल्या आठवड्यात मी तिथं गंमत म्हणून पुढारणीचा आवाज काढून पाठवला. तो लांब श्वास, ते “आयका वं बाया”, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर. मला नकला चांगल्या येतात, कॉलेजात त्यासाठी बक्षीस मिळालंय. सगळ्या लोटपोट. मग रोजचीच मागणी होऊ लागली, “संगे, आजची पुढारीण टाक.” ती इकडं ‘सातजणी’वर कापसाच्या भावावर पोटतिडकीनं बोलायची, दोन-तीन जणी अंगठा टाकायच्या, आणि तिकडं ‘सहा’वर तासाभरात तिची नक्कल तयार असे. दोन वर्षं असं चाललं. मी पटाईत झाले. कधीकधी मला वाटे, तिच्यापेक्षा माझीच पुढारीण जास्त चांगली बोलते.

मग ती खरंच ग्रामपंचायतीला उभी राहिली. वॉर्ड बाईसाठी राखीव होता. पुढाऱ्यांच्या सुना सोडून कुणी बाई आपणहून उभी राहण्याची गावातली ती पहिलीच वेळ. तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा आवाज थरथरत होता. आम्ही फुलं, फटाके, सगळं टाकलं. ‘सहा’वर एकीनं लिहिलं, “आता भाषण होऊन जाऊ दे!”

मी रविवारी सकाळी स्वयंपाक करता करता भाषण केलं. पुढारीण प्रचाराला निघाली आहे आणि आपल्या माणसांना हळूच सांगते आहे, असं. “या बायास्ले काय समजस? एक साडी दखाडा, मत तुमनं!” पाऊण मिनिटाचं. दोन वर्षांतलं माझं सर्वांत चांगलं काम. सगळ्यांनी तसं म्हटलंही.

आमच्यातल्या एकीनं ते आपल्या जावेला ऐकवायला पाठवलं. जावेचं माहेर पुढारणीच्या शेजारच्या गावचं. तिसऱ्या दिवशी ते पुढारणीच्या गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. वर ओळ होती, ‘ऐका, तुमची उमेदवार तुम्हाला काय समजते.’

त्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या बाया तिच्या दाराशी आल्या. कुणी शिवी दिली नाही. एकेकीनं घरातली जुनी साडी आणली होती, ती तिच्या ओट्यावर टाकली आणि निघून गेली. विटलेल्या, फाटलेल्या, पोतेरं केलेल्या साड्या. ढीग कमरेएवढा झाला. तिच्या नवऱ्यानं नंतर तो बैलगाडीत भरून नेला.

तिनं मला फोन केला. रडत नव्हती.

“संगे, तो मना आवाज नही शे.”

“हो गं,” मी म्हटलं.

“तुले माहीत शे ना? वीस वरीस आयकी ऱ्हायनी तू. एक दिन ये. पारवर उभी ऱ्हाय आनि सांग बायास्ले, हाई तिना आवाज नही. तू सरकारी नोकरीवाली, तुनं आयकतीन.”

मी म्हटलं, मुलाची परीक्षा आहे. मी म्हटलं, साहेब रजा देत नाहीत. मी म्हटलं, सरकारी माणसाला निवडणुकीत बोलता येत नाही. हे शेवटचं खरं होतं, म्हणून ते मी दोनदा म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली.

‘सहा’वर त्या रात्री एकच चर्चा झाली. कुणी काही बोलायचं नाही. सगळं पुसायचं. ग्रुपच बंद करायचा. मी पहिली बाहेर पडले.

ती पडली. सपाटून पडली. ‘सातजणी’वर तिनं पहिल्यांदाच लिहून पाठवलं, ‘मी पडले. सर्वांचे आभार.’ आम्ही सहा जणींनी लाल बदाम टाकले. मीही.

चार महिन्यांनी मी गेले. झोप येईना म्हणून गेले, तिच्यासाठी नाही. एवढं तरी खरं सांगते. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचा नवरा, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, खाटेवर, सासू दाराशी. मला बघून तिनं पाट सरकवला, चहा ठेवायला सांगितला. सासूनं कप आणून माझ्यासमोर ठेवला. मी त्याला हात न लावता बोलून टाकलं. तो आवाज माझा होता.

ती शेंगा फोडतच राहिली.

“माले माहीत व्हतं.”

“कधीपासून?”

“पह्यल्या दिवसपासून. त्यामा तुनी गल्लीमाना भंगारवाला वरडस. चार दिन आयका व्हता मी त्याले, तुनी उशाशी बशीसन.”

“मग मला बोलावलंस कशाला?”

तिनं हातातल्या टरफलांकडं पाहिलं, ती सुपात टाकली, आणि म्हणाली, “काढ आते.”

“काय?”

“मना आवाज. काढ ना. घरना बठ्ठा आठेच सेत. फोनमाच आयका आम्ही, समोर नही आयका.”

मला वाटलं ती चिडून बोलतेय. पण ती वाट बघत होती, शांतपणे, दिलेल्या पैशांची पावती मागावी तशी. भाऊ खाटेवरून माझ्याकडं पाहत होते. मी आवाज काढला. लांब श्वास, वर जाणारा सूर, साडी, मत, सगळं. आवाज अगदी बरोबर लागला. पाऊण मिनिट पुरं झालं. शेवटी भाऊ उठले आणि पायात काही न घालता बाहेर निघून गेले.

“बेस काढस,” ती म्हणाली. “एकच चुकनं. ‘या बाया’ नही म्हनस मी. कधीच नही. ‘आमन्या बाया’ म्हनस. गावले समजनं नही, ऱ्हाऊ दे. तुले समजाले पाहिजे व्हतं.”

सासू उठली. माझ्यासमोरचा चहाचा कप तिनं उचलला, भरलेला, आणि आत घेऊन गेली.

मी एकटीच चालत फाट्यावर आले. एसटी पारोळ्यात थांबली तेव्हा फोन पाहिला. ‘सातजणी’वर एक बारीक राखाडी ओळ होती, तिनं ग्रुप सोडल्याची. खाली एकीनं विचारलं होतं, “का गेली गं ही? संगे, तुला काही बोलली का?”

मी लिहिलं, “नाही गं. काहीच नाही.”