दादाचा डबा अन् माझा पहिला तास

"काही नाही रे. गावाकडून माझा डबा येते ना, तो आणणारी पोट्टी आहे."

हे माझा सख्खा भाऊ बोलला. माझ्यासमोर. कॅरमवरून मानही वर केली नाही त्यानं.

रामदासपेठेत एका डॉक्टरचा बंगला होता. त्याच्या व्हरांड्यात चार पोट्टे कॅरम खेळून राहिले होते. मी पायरीखाली उभी. हातात तीन पुडाचा डबा, बसमधल्या धुळीनं केस पांढरे झालेले. डॉक्टरच्या पोरानं विचारलं होतं, कोण रे ही? त्याले दादानं हे उत्तर दिलं अन् स्ट्रायकर मारला. सोंगटी गेली. पोट्ट्यांनी वाहवा केली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आली. आवाज एकदम गोड. "ए मुली, डबा घेऊन इथे उभी राहू नकोस. मागच्या दाराने जा. त्या लसणाचा वास पडद्यांना धरतो."

मले वाटलं, आता तरी दादा बोलीन. बहीण आहे माझी, एवढंच. दोन शब्द तर होते. तो बोटांना पावडर लावत बसला.

मी मागच्या दारानं गेली. हो, गेली. पाय आपोआप चालले. आमच्या पायांना तीच सवय. मोठ्या माणसानं बोट दाखवलं का चालाले लागायचं, रागाले मागाहून येऊ द्यायचं.

आता हा डबा काय होता ते सांगते.

आमचं गाव काटोलच्या अलीकडं, सडकेपासून आत. बाबाची स्वतःची वावरं, थोडी संत्र्याची झाडं. बाबाच्या पोटाचं ऑपरेशन याच डॉक्टरनं केलं होतं. तेव्हापासून दर बहाराले आमच्या बगीच्यातली निवडक संत्री त्याच्या बंगल्यावर जायची. त्या ओळखीवर दादाले बंगल्यामागची खोली मिळाली. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा तो पहिला. बाबाची छाती अशी फुगली होती, का पारावर बसला तरी दुसऱ्याले जागा उरत नव्हती.

खोली मिळाली, पण जेवणाचं काय? आमच्याकडं तेव्हा रीत होती. शहरात शिकणाऱ्या पोट्ट्यांचे डबे एसटीनं जायचे. आईनं सकाळी भरायचा, घरच्या कोणी तरी फाट्यावर नेऊन कंडक्टरच्या हाती द्यायचा, नागपूरच्या स्टँडवर पोट्ट्यानं उतरवून घ्यायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा वापस. गाडीत ड्रायव्हरमागं डब्यांची ओळ लागून राहायची. कोणता डबा कोणाचा, ते कंडक्टरले पाठ.

घरच्या कोणी तरी म्हणजे मी. बाबा वावरात, आई चुलीपाशी, धाकटी लहान. दुसरं होतं कोण?

गाडीचा टाइम शाळेच्या घंटेआधीचा होता. पण ती गाडी टाइमावर आली तर सूर्य पश्चिमेले उगवीन. मी फाट्यावर उभी असायची अन् मागं शाळेची घंटा वाजायची. ऐकू यायची चांगली. प्रार्थना पण ऐकू यायची. मग गाडी यायची, डबा जायचा, अन् मी धावत सुटायची. वर्गात पोचेपर्यंत पहिला तास संपून गेलेला.

पहिला तास गणिताचा.

गणिताचे मास्तर वाईट नव्हते, पण तोंड तिखट. दारात दिसली का म्हणत, आल्या डबेवाल्या बाई. वर्ग हसे. मीही हसायची, काय करता? अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नवीनच आली होती. मी दहावीले बसली, सगळ्या विषयांत निघाली अन् गणितात गेली. बाबा म्हणाला, पोरीच्या डोक्यात गणित नसतेच. आता माझ्या डोक्यात गणित नव्हतं का माझ्या सकाळीत नव्हतं, हे कोणी विचारलं नाही.

मले ऑक्टोबरच्या परीक्षेले पुन्हा बसायचं होतं. मास्तर तयार होते. म्हणाले, वर्गात येऊन बस, पण पहिल्या तासाले घंटेवर यायचं. आता डबा का गणित? आईले विचारलं. आईनं एवढंच म्हटलं, "तुह्या गणितापायी तो तिकडं उपाशी राहीन का वं?"

यावर बोलता येते का काही? भावाच्या पोटापुढं बहिणीचं गणित. मी डबा घेऊन फाट्यावर गेली. ऑक्टोबर जवळ येऊन राहिला होता अन् मी रोज फाट्यावर.

एक गोष्ट मात्र होती. डबा वापस यायचा तो राखेनं घासून, चकचकीत. दादानं जन्मात चहाचा कप विसळला नव्हता. अन् डबा रिकामा पण यायचा नाही. आमच्यात कोणाचं भांडं रिकामं वापस करत नाहीत, चार दाणे तरी ठेवतात. तर त्या डब्यात कधी दोन बोरं, कधी मूठभर फुटाणे, कधी चिंचेचं बुटुक. आई ते देवापुढं ठेवायची. शेजारच्या काकूले बोलवून दाखवायची. शहरात राहूनही पोरगा रीत विसरला नाही पाहा, शिक्षणानं कसं वळण लागलं पाहा. मलेही खरं वाटायचं. एकदा तर ती बोरं खाताना वाटलं, जाऊ दे गणित, भाऊ तर चांगला आहे.

मग तो दिवस आला. गाडीवर त्या दिवसापुरता बदलीचा कंडक्टर होता. डबा घेईना. सांडते म्हणे, मी काय तुमचा नोकर आहे? गाडी निघून गेली. मी डबा घेऊन घरी आली तर आईनं डोळ्याले पदर लावला. पोरगा उपाशी राहीन. बाबानं मले पुढच्या गाडीत बसवलं. म्हणाला, पोचवून ये, कालचा डबा संध्याकाळच्या गाडीनं आला नाही, तोही घेऊन ये.

अशी मी रामदासपेठेत पोचली. अन् तिथं डबा आणणारी पोट्टी झाली.

मागच्या दारापाशी चौकीदाराची खोली होती. त्याची बायको नळावर भांडे घासून राहिली होती. आमचा कालचा डबा तिच्या हातात. राखेचा हात. माझ्या हातातला डबा पाहून तिचं तोंड उजळलं.

"तूच का वं त्या घरची? तुह्या आईच्या हाताले लय चव आहे. माहे लेकरं रोज वाट पाहून राहतात डब्याची."

मी विचारलं, अन् दादा? ती म्हणाली, ते तर घरात टेबलावर जेवतात डॉक्टरसाहेबाच्या पोरासंगं. नाही तर हॉटेलात जातात. बाईसाहेबाले वास खपत नाही, म्हणून तुह्या दादानंच सांगितलं, डबा तुम्ही घेत जा. माझा नवराच तर उतरवते स्टँडवरून. अन् मी विचारण्याआधीच ती जराशी लाजून म्हणाली, भांडं रिकामं पाठवाले बरं नाही वाटत, म्हणून ठेवते काही बाही. आमच्यापाशी दुसरं काय राहते?

तिचा काय दोष? तिच्या लेकरांनी खाल्लं, चांगलं झालं. मी डबा तिच्या हाती दिला. तिनं कालचा पुसून मले दिला, वरच्या पुडात दोन पेरू ठेवून.

रागाले वेळ लागते म्हटलं ना. तो त्या नळापाशी आला. डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली होती. मी फाट्यावर उभी राहून ऐकलेली प्रत्येक घंटा. आपला दादा उपाशी राहू नये म्हणून मी नापास झाली, अन् दादा टेबलावर जेवून राहिला होता. सरळ सांगितलं असतं, डबा नका पाठवू! पण नाही. सांगितलं असतं तर बाबा विचारता, मग तू जेवतो कुठं, अन् कोणाच्या ताटात? त्याची लाज झाकाले माझी शाळा पांघरली त्यानं.

मी बंगल्याले वळसा घालून पुन्हा पुढं आली. पायरी चढली. व्हरांड्यात त्या चकचकीत फरशीवर उभी राहिली.

"दादा, आईनं विचारलं, कालची वांग्याची भाजी कशी होती?"

त्यानं आता मान वर केली. पोट्टे पाहून राहिले होते. तो घाईघाईनं म्हणाला, "चांगली होती. जाय तू आता."

"वांगं नव्हतं. मेथी होती."

कॅरम थांबला. डॉक्टरच्या पोरानं पुन्हा विचारलं, कोण आहे रे ही? या वेळी मी दादाले बोलूच दिलं नाही.

"याची सख्खी बहीण आहे मी. अन् दादा, उद्यापासून मी डबा आणणार नाही. मले गणिताचा तास आहे."

दादाचा चेहरा पडला. मी खाली उतरली अन् गेली ती पुढच्याच फाटकानं.

घरी सांगितलं तर काय झालं? काही नाही झालं. बाबा म्हणाला, मोठ्या लोकांत राहायचं म्हणजे त्यांच्यासारखं करावं लागते, तुले काय समजते त्यातलं? आईले खरंच वाटेना. "मग बोरं कोण ठेवे?" मी सांगितलं कोण ठेवे.  त्या रात्री आई जेवली नाही.

अन् सकाळी उठून तिनं डबा भरला. मी हात लावला नाही. दप्तर घेऊन निघाली. तर आई स्वतः फाट्यावर गेली. मी म्हटलं, आई, तो खात नाही, तुले माहीत आहे. ती म्हणाली, कोणाचं तरी लेकरू खाते ना. मग माझा तास कोणी खाल्ला आई? हे मी आजवर विचारलं नाही. दादाचं कॉलेज संपेपर्यंत ती बाई उन्हापावसात फाट्यावर उभी राहिली, पोराले आपल्या घरचा डबा जाते एवढं गावाले दिसावं म्हणून. मी तिच्या बाजूनं शाळेत जायची. ती सडकेकडं पाहायची, मी शाळेकडं.

ऑक्टोबरात गणित सुटलं. मी पुढं काटोलले बारावी केली.

इकडं दादा बी.ए. झाला. बाबानं गावात पेढे वाटले. मग तो घरी येऊन बसला. नोकरीसाठी नाव नोंदवून आला, कार्ड जपून ठेवलं, कॉल काही आला नाही. दाढी वाढली. शेवटी त्याच डॉक्टरच्या शब्दावर हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला. मशीनवर हेल्पर. त्याच्या बाजूचा हेल्पर आठवी नापास. दोघंही तेच काम करायचे, एकाच कंपनीच्या बसनं जायचे. मले त्याची कीव आली, खोटं नाही सांगत. पण कीव पुरली नाही फार दिवस.

कारण मी कॉलेजचं नाव काढलं, अन् बाबा म्हणाला, दादानं शिकून काय दिवे लावले? आता तू काहून जातेस? दादाही तिथंच बसला होता. म्हणाला, "कॉलेजात काही नाही वं. फुकट खर्च आहे."

वा रे वा. खर्च! कोणी केला होता खर्च? तो टेबलावर जेवला, चौकीदारणीच्या लेकरांनी डबा खाल्ला, आई फाट्यावर उन्हात करपली, मी गणितात नापास झाली. ज्यानं काहीच भरलं नाही, तोच मले महागाई सांगून राहिला होता. अन् त्याचं शिक्षण वाया गेलं त्याची शिक्षा मले. तो शिकून रिकामा राहिला म्हणून मी न शिकता रिकामं राहायचं. मी दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही. भांडे आपटले. धाकटीवरही ओरडली.

शेवटी आई बोलली. जन्मात बाबासमोर न बोलणारी. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "जाऊ द्या तिले. तिनं फाटा पाहिला आहे."

 बाबा तयार झाला. नागपुरात एका मावशीकडं खोलीचा कोपरा मिळत होता. सगळं ठरलं. अन् उठता उठता बाबा सहज म्हणाला, डब्याचं काही नाही, धाकटी देत जाईन फाट्यावर नेऊन.

सहज म्हणाला. वाईट मनानं नाही. आईनंही मान हलवली. धाकटीनं पण. आठवीत होती ती तेव्हा. पहिला तास गणिताचाच होता तिच्या वर्गाले, तेच मास्तर.

मी म्हटलं, "माह्या नावाचा डबा या घरातून निघणार नाही. उपाशी राहून शिकीन, नाही तर शिकणारच नाही. पण धाकटी फाट्यावर दिसली, तर मी त्याच गाडीनं घरी येईन."

मावशीच्या कोपऱ्यात स्टोव्हवर स्वतःच भात टाकून शिकली मी. बी.ए. झाली. नोकरी लागाले मलेही चपला झिजवाव्या लागल्या, तेव्हा बाबाचं बोलणं आठवून स्वतःचाच राग यायचा. कॉलेज परवडते का, हे मले आजही छातीठोक सांगता येत नाही.

आता गावचे लोक मले विचाराले येतात. पोराले नागपूरले टाकून राहिलो, पैसा वसूल होईन का? मी त्यांना पहिले एकच विचारते, घरातली पोरगी या वेळेस कुठं आहे? ती वर्गात असली तर बसा, चहा घ्या, बोलू. ती तुमच्या पोराच्या कॉलेजपायी कोण्या फाट्यावर उभी असली, तर उठा माझ्या घरातून. पहिले तिले वर्गात बसवून या.