दाजी पाण्याखाली

घरात पाल निघाली की दाजी आधी पलंगावर चढत आणि मग बायकोला हाक मारत. त्यामुळे धाकटा मेहुणा पहिल्यांदाच धरणावर त्यांची हवेची नळी धरून बसला, तेव्हा त्याला मनातून हसूच येत होतं. दाजी पाणबुड्याचं काम करत. गाळात रुतलेला दरवाजा मोकळा करायला तळाशी उतरले होते. मेहुण्याच्या कानातल्या फोनवर त्यांचा संथ श्वास ऐकू येत होता. एकाएकी त्या श्वासाची धाप झाली.

"पाय अडकलाय."

मेहुणा ताडकन उभा राहिला. "वर ओढू?"

"नको, आणखी आवळेल. थांब, डोळे बंद करतो."

"तिथे काळोखच आहे ना, दाजी?"

"म्हणूनच. उघडे ठेवले की नाही नाही ते दिसतं. बंद केले की हातांना नीट दिसतं."

श्वास हळूहळू झोपलेल्या बाळासारखा झाला. इकडे मेहुणा मात्र श्वास घ्यायचाच विसरला होता.

"तार गुंडाळली होती. सुटली. आता दरवाजाचं बघतो."

"आधी वर या ना."

"आणि काम कोण करणार, तुझी ताई?"

मेहुणा निश्चल पाण्याकडे बघत राहिला. त्या गारठ्यात, काळोखात त्याच्या ताईचा नवरा घरची कडी चाचपावी तसा धरणाचा दरवाजा चाचपत होता.