निळ्या टोपीचा गडी

"यात कोनी मरत तं नाई ना?"

नवा गेम दाखवला की काकांचा पहिला प्रश्न हाच. उजव्या हाताचं बोट स्क्रीनच्या वर अधांतरी धरलेलं असायचं. "नाही मरत, काका," असं मी म्हटल्याशिवाय ते बोट काही खाली यायचं नाही.

आसेगावच्या बस-थांब्यासमोर आमचं मोबाइलचं दुकान आहे. मागच्या खोलीत एक टीव्ही आणि त्याला जोडलेला गेमचा कन्सोल. शाळा सुटली की पोरं तिथं येतात. मारधाडीचे गेम मी ठेवत नाही, म्हणून त्यांच्या आयाही कधीमधी एखादा डाव खेळून जातात. या गर्दीत साठी उलटलेला एक शेतकरी रोज संध्याकाळी मांडी घालून बसायचा. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही आधी हसूच आलं असतं.

प्रत्येक नव्या गेमवर त्यांचं मत तयार असे. मोटारींची शर्यत पाहून म्हणाले, "नुसताच पयते. कुठं जायचं हाये ते त्याले तरी ठाव हाये का?" शेतीच्या गेमवर तर चिडलेच. "पेरलं की उगवलं! ना डवरा, ना निंदन. आन् पानी कोनी देल्लं याले?" चौघांनी मिळून हॉटेलातला स्वयंपाक करायचा, असा एक गेम कन्सोलवर आला होता. पोरं बोंबलायची, "काका, कांदा द्या! काका, भाजी जळून राह्यली!" काकांनी रिमोट शांतपणे खाली ठेवला. "एवढ्या घाईनं खाऊ घालाचं असन तं मानसं जेवाले बोलावता कायले?"

मनापासून आवडला तो एकच. मोबाइलवरचा. त्यात दोन छोटे गडी एका दोरीनं बांधलेले असतात आणि दोघांनी मिळून डोंगर चढायचा असतो. डाव्या हाताच्या बोटानं गडी डावीकडं सरकतो, उजव्या हाताच्या बोटानं उजवीकडं. एक घसरला की दुसऱ्यानं पाय रोवून दोरी धरायची. पडला तरी मरत नाही, नुसता लटकतो, आणि जोडीदार त्याला वर ओढतो. दोघं दोन गावांत बसून खेळू शकतात. एकट्याला मात्र तो डोंगर चढताच येत नाही.

काकांच्या गड्याची टोपी लाल. जोडीदाराची निळी.

हा जोडीदार कोण ते सांगते. काकांच्या हातातला मोबाइल मुळात त्यांच्या मुलाचा, गजूचा. गजू पुण्याकडे एका कारखान्यात कामाला. त्याची आई अचानक गेली तेव्हा तो मिळेल त्या गाडीनं निघाला, पण पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. काका दारातच, लोकांच्या देखत म्हणाले, "आता कायले आला? झालं सारं." गजू तेरवीपर्यंत राहिला आणि बापाकडे न बघता निघून गेला. हा जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तो तसाच राहिला. त्यानंतर बापलेकांत एक शब्द झाला नाही.

पुढे काका तो मोबाइल घेऊन दुकानात आले ते पावसाचा अंदाज पाहायला. शेतातल्या घरी नेट लागत नव्हतं. त्यावर गजूचा तो डोंगराचा गेम होता, मी सहज उघडून दाखवला. थोड्याच दिवसांत समोरून खेळायचं बोलावणं आलं, निळ्या टोपीच्या गड्याकडून. खाली घरातलं लाडाचं नाव, गजू. आपला जुना गेम कोण उघडतंय हे गजूलाही कळलं असणारच. बहीण यवतमाळला दिलेली, त्या घरात दुसरं होतं कोण?

"काका, हा तर आपला ग..."

"नाव नको घेऊ." त्यांनी हात वर केला. "कोनी का असन. चढते तं चांगला."

आणि ते खेळायला लागले. रोज संध्याकाळी, कारखान्याची पाळी सुटली की. त्या गेममध्ये एकमेकांशी बोलायची सोय होती, पण त्या बटणाला दोघांपैकी कोणी हात लावला नाही. लाल टोपी घसरली की निळी जागच्या जागी थांबायची. काका मान खाली घालून पुटपुटायचे, "धर, धर... हां." मी गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवता दाखवता कान तिकडेच ठेवायची. यातल्या एकाला उद्या कंटाळा आला तर, ही धास्ती मला सारखी असे. दोघांमध्ये तेवढंच तर उरलं होतं.

मग एका संध्याकाळी निळी टोपी आलीच नाही.

'जोडीदाराची वाट पाहत आहे', स्क्रीनवर अक्षरं लुकलुकत राहिली. लाल टोपीचा गडी डोंगराच्या पायथ्याशी एकटाच उभा. काका म्हणाले, "पाळी बदलली असन." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मोबाइल मांडीवर उघडा ठेवून दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहिले.

मी दुसरे गेम दाखवून पाहिले. रंगीत गोळ्या जुळवायचा एक नवा आला होता, बायकांमध्ये फार चालला होता. काकांनी नुसती मान हलवली. यात कोणी मरतं का, हेसुद्धा विचारलं नाही.

"मी फोन लावू का, काका? नंबर आहे माझ्याकडे."

"नको. त्यानं कुठं लावला?"

दुकानात मला मदत करणाऱ्या माझ्या जाऊबाईंना त्यांची दया आली. त्या म्हणाल्या, "काका, दुसरा कोनी जोडीदार घ्या की," आणि त्यांनी गेममधलं ते बटण दाबलंही. लगेच कुठला तरी अनोळखी पिवळ्या टोपीचा गडी येऊन दोरीला बांधला गेला आणि भराभर वर चढू लागला. "सोडा त्याले!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की टीव्हीसमोरची सगळी पोरं गप्प झाली. जाऊबाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी अशाच गेल्या. काका यायचे, पाहायचे, उठून जायचे. चालताना खांदे पडलेले दिसायचे. मी एकदा त्यांना न सांगता माझ्या फोनवरून गजूला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

आणि मग, काही ध्यानीमनी नसताना, निळी टोपी आली.

मी धावत त्यांच्याजवळ गेले. काका हसले नाहीत. त्यांचे डोळे बारीक झाले होते. निळा गडी चढत होता, पण दोन पावलं चढून खाली येत होता. पुन्हा चढला, पुन्हा घसरला, दोरीवर लोंबकळत राहिला. लाल टोपीनं ओढून घेतलं. पुन्हा तेच.

"कंटाळून खेळत असेल," मी म्हटलं.

"नाई." काका स्क्रीनच्या अगदी जवळ झुकले. "पाह्य नं बाई. डावीकडं बराबर जाते. उजवीकडच्या दगडाले हातच घालून नाई राह्यला." निळा गडी परत कोसळला. काकांनी मान वर केली. चेहरा पार उतरला होता. "याच्या हाताले काईतरी झालं. उजव्या हाताले."

मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "लाव. गजूले लाव फोन."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा बराच वेळ वाजून उचलला गेला. "हॅलो," गजूचा आवाज. मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि गप्पच राहिले. आता पलीकडून कट होणार, असं वाटून मी फोनचा स्पीकर चालू केला.

"हॅलो? कोन हाये?"

"मी बोलून राह्यलो."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"उजव्या हाताले काय झालं?"

"तुमाले कोनी सांगतलं, बाबा?"

"कोनी नाई सांगतलं. काय झालं ते बोल."

"मशीनीत सापडला. दोन बोटं गेली, बाबा. बाकी हात वाचला, डॉक्टर म्हनते. पट्टी हाये अजून."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "जेवतो कसा?"

"डाव्या हातानं. सांडते थोडं."

"एक फोन करता नाई आला तुले? मी आलो नसतो का?"

"मले वाटलं तुमी म्हनसान, आता कायले."

खोलीत पोरं होती, जाऊबाई होत्या. काकांना कोणाचं भान नव्हतं. "त्या दिवशी माहं डोकं ठिकानावर नोतं, गजू," ते म्हणाले. "तुही माय समोर नोती. मंग मले तूच भेटला बोलाले." पुढे म्हणाले, "उद्या येतो मी. तू काई करू नको. पडून राह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गेले. पिशवीत भाकरी, ठेचा आणि घरच्या तुरीची डाळ. मी दुकानाचं शटर उघडत होते. त्यांनी खिडकीतून हात केला, आणि गाडी वळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

ते परत राहायला आले नाहीत. शेत पुतण्याला लावून दिलं. तिकडे एका शाळेत त्यांना राखणदारीचं काम मिळालं, असं कळलं.

दिवाळीत घराचं कुलूप बदलायला गजू एकटाच आला होता, तेव्हा दुकानात येऊन बसला. हात बरा झाला होता, दोन बोटं नसलेला. मी विचारलं, "काका आले तेव्हा काय बोलले रे तुझ्याशी?"

"काईच नाई," तो म्हणाला. "दारात उभे राह्यले. मी पानी आनाले उठलो तं म्हने, बस. मंग भाकर कुस्करली, दाळ कालवली आन् भरवाले लागले. मले एवढी लाज वाटून राह्यली होती, ताई. तीस वर्साचा मानूस मी. बाजूले माह्या खोलीतला सोबती गेम खेळून राह्यला होता. बाबांनी त्याले म्हटलं, मोबाइल जरा इकडं कर, आमाले बी पाहू दे."

गजू आपल्या हाताकडे बघत सांगत राहिला.

"पुरं जेवन होईलोक बाबा त्या गेमकडंच पाहून राह्यले होते. माह्याकडं एकडाव बी पाह्यलं नाई. पन घास बराबर माह्या तोंडातच येऊन राह्यला होता."